एका काडीचा गोतावळा

फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या शिवारात द्राक्षाची तोडणी जोरात असते. व्यापारी फोनवर विचारतो, "माल कोणता आहे?" बागायतदार सांगतो, "दोन एकर क्लोन, एक एकर सोनाका, राहिलेला गणेश." एवढ्यावर भावाची घासाघीस सुरू होते. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांच्या या पट्ट्यात 'क्लोन' हे द्राक्षाच्या एका वाणाचे नाव आहे. थॉमसन वेगळे, गणेश वेगळे आणि क्लोन वेगळा. रोपवाटिकेत काडी मागतानाही हाच शब्द वापरतात.

जनुकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला हे ऐकवले तर तो हसेल. त्याच्या लेखी थॉमसन क्लोन आहे, गणेश क्लोन आहे, सोनाका क्लोन आहे आणि ज्या खुंटावर ही सगळी कलमे भरली तो डॉगरिजही क्लोनच आहे. मग एकालाच ते नाव का? प्राध्यापक बरोबर आहे आणि बागायतदारही चुकलेला नाही. या शब्दाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराच भाग आपल्याच मुलखात घडला आहे.

सुरुवात मात्र अमेरिकेत झाली. मेंडेलचे वाटाण्यावरचे विस्मृतीत गेलेले काम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले आणि वनस्पतींच्या पैदाशीला एकाएकी शास्त्राची शिस्त लागली. शिस्त आली की नेमके शब्द लागतात. अमेरिकी कृषी खात्यातले हर्बर्ट वेबर यांची अडचण साधी होती. गव्हाचा वाण बियांवरून चालतो. बटाटा, केळी, आंबा, द्राक्ष यांचा वाण कंद, मुनवे, कलम किंवा काडी यांवरून चालतो. दोघांनाही 'वाण' हा एकच शब्द. पहिल्या प्रकारात प्रत्येक रोप हे स्वतंत्र अपत्य असते. दुसऱ्यात अपत्य नसतेच, एकाच झाडाचे तुकडे ठिकठिकाणी वाढत असतात. ऑक्टोबर १९०३ मध्ये वेबर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात छोटे टिपण लिहून दुसऱ्या प्रकारासाठी 'क्लॉन' हा शब्द मांडला. शब्द सुचवला होता त्यांचे सहकारी ओ. एफ. कुक यांनी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डहाळी, आपल्या भाषेत सांगायचे तर काडी. दोन वर्षांनी पोलार्ड नावाच्या अभ्यासकाने स्पेलिंगला शेवटी एक अक्षर जोडून उच्चार 'क्लोन' असा पक्का केला. 'जीन' हा शब्द योहान्सेन यांनी १९०९ मध्ये आणला. म्हणजे क्लोन हा शब्द जनुकाच्या नावाहूनही सहा वर्षांनी जुना आहे, आणि तो जन्मला प्रयोगशाळेत नाही, रोपवाटिकेत.

त्या सुमारास नाशिक जिल्ह्यात आजच्यासारखी द्राक्षशेती नव्हती. पिंपळगावजवळच्या ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षबाग लावली, तिथून जिल्ह्यातल्या आधुनिक द्राक्षशेतीची सुरुवात मानतात. दख्खनला द्राक्ष तसे जुनेच. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या द्राक्षांची नोंद करून ठेवली आहे. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे होती ती भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशा नावांची, बियांची द्राक्षे.

पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी याच बियांचा उपयोग करून घेतला. पंढरी साहेबीच्या बिया पेरून निघालेल्या रोपांतून त्यांनी निवड केली. 'सिलेक्शन ७' या क्रमांकाचा त्यातला वेल पुढे 'चीमा साहेबी' म्हणून प्रसिद्ध झाला. द्राक्षाची बी पेरली की आईसारखे रोप निघत नाही. आई आणि बाप दोघांच्या जनुकांची प्रत्येक बीत नव्याने पिसाई होते. हजार बिया पेराव्यात तर हजार वेगळे वेल निघतात, आणि बहुतेक टाकाऊ असतात. चीमांनी त्या गर्दीतून एक उचलला. त्याच्या काड्या लावायला घेतल्या त्या क्षणी तो क्लोन झाला. तोवर तो नुसता एक वेल होता.

बिनबियांच्या द्राक्षात हा रस्ताच बंद. पेरायला बी नाही! आणि नाशिकचे नशीब उघडले ते नेमके बिनबियांच्या द्राक्षाने.

विल्यम थॉमसन हा कॅलिफोर्नियात सटर परगण्यात स्थायिक झालेला इंग्रज. १८७२ मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एल्वँगर अँड बॅरी या रोपवाटिकेतून 'लेडी डी कव्हर्ली' नावाच्या द्राक्षाच्या तीन काड्या मागवल्या. तीनपैकी एकच जगली. तिला आलेली बिनबियांची द्राक्षे त्याने जवळच्या मेरीसव्हिलच्या प्रदर्शनात मांडली, शेजाऱ्यांनी काड्या नेल्या आणि द्राक्षाला थॉमसनचे नाव चिकटले. पुढे कळले की हे नवे काही नाही. इराण-तुर्कस्तानकडे शतकानुशतके बेदाणा केला जातो ते किशमिश किंवा सुलताना द्राक्ष ते हेच. म्हणजे एका प्राचीन वेलाची काडी पश्चिम आशियातून युरोपात, तिथून अमेरिकेत आणि अमेरिकेतून गोदाकाठी आली. कॅलिफोर्नियातले थॉमसन, ऑस्ट्रेलियातली सुलताना आणि निफाडची बाग हा सगळा एकाच झाडाचा विस्तार आहे.

त्यात बी का धरत नाही, याचे उत्तर मिळायला बराच काळ गेला. परागीभवन होते, गर्भ धरतो, पण बीचे कवच घडत नाही आणि कोवळेपणीच बी खुरटते. मणी चावताना जिभेला लागणारी बारीकशी खूण ती हीच. स्पॅनिश संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या २०१८ च्या एका अभ्यासात यामागचा बदल एका जनुकातल्या एका अक्षरावर नेमका दाखवता आला. कधीकाळी कुठल्या तरी वेलावर झालेली ही एका अक्षराची चूक. रानात ती वंशासकट नाहीशी झाली असती. माणसाला फळ आवडले, त्याने काडी तोडून लावली, म्हणून ती जगली.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० मध्ये स्थापन झाला आणि साठ-सत्तरच्या दशकांत थॉमसनने इथल्या जुन्या वाणांना मागे सारले. पण त्यात एक मोठी खोट होती. बी नाही, म्हणजे बीतून फळाला मिळणारे संजीवकही कमी. मणी बारीक राहायचा, बेदाण्याला ठीक, पण टेबलावर ठेवायला नाही. इथे कामी आले जिबरेलिक आम्ल, म्हणजे बागेतल्या बोलीत 'जीए'. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांना १९२६ मध्ये भाताची रोपे वेड्यासारखी उंच वाढवणाऱ्या रोगात या द्रव्याचा सुगावा लागला होता. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियात ते द्राक्षावर वापरून पाहिले गेले. आज ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीनंतर पाकळी मोकळी करण्यापासून मण्याच्या फुगवणीपर्यंत जीएच्या मात्रांचे वेळापत्रक आपल्या प्रत्येक बागायतदाराला तोंडपाठ असते.

तरीही थॉमसनला जीए, विरळणी, गर्डलिंग असे सगळे सोपस्कार लागतातच. मग मूळचाच मोठा किंवा लांब मण्याचा थॉमसन मिळाला तर? ही इच्छा पैदास-शास्त्राने पुरी केली नाही. ती पुरी केली बागेत फिरणाऱ्या माणसांनी.

तासगाव परिसरात त्या काळी श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची हवा होती. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारा हा माणूस शेतकऱ्यांना सांगायचा की तुमचा बांध हीच प्रयोगशाळा, नोंदी ठेवा, एकमेकांना दाखवा. त्या पट्ट्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच एक वेगळा वेल निवडला. त्याचे नाव 'तास-ए-गणेश', त्यातला 'तास' तासगावचा. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून लांबट मण्याचा 'सोनाका' काढला, आणि 'किशमिश चोर्नी' या काळ्या वाणातून 'शरद सीडलेस'. सोलापूरच्याच टी. आर. दबडे यांचा 'माणिक चमन'. यांपैकी कोणीही दोन वाणांचा संकर केलेला नव्हता. सगळ्यांनी फक्त पाहिले आणि जे पाहिले ते जपले. माझ्या मते महाराष्ट्राच्या शेतीविज्ञानातली ही मोठी कामगिरी आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तिला एखादी ओळही मुश्किलीने मिळते.

काय पाहिले, ते नीट समजून घेतले पाहिजे. द्राक्षाच्या शेंड्याशी असलेला वाढता कोंब पेशींच्या थरांचा असतो. वरचा थर साल घडवतो, आतला थर गर आणि परागकण. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि लाखो नकलांत एखादी चुकते. ती चूक कोंबातल्या नेमक्या पेशीत झाली, तर तिच्यापासून निघालेल्या सगळ्या पेशी ती बाळगतात. पुढे त्या जागी डोळा फुटतो आणि एका वेलावर एकच काडी वेगळी निघते. यालाच डोळ्याचे उत्परिवर्तन म्हणतात. बाकी वेल थॉमसनच. त्या एका काडीवरचे घड मात्र लांब मण्यांचे, किंवा जाड सालीचे, किंवा आठवडाभर आधी पाणी उतरलेले.

हे कळते विरळणीच्या वेळी. ओळीत बसून कात्रीने मणी काढणाऱ्या बाईला सहसा मालकाआधी कळते की हा घड हाताला वेगळा लागतोय. मालक चतुर असेल तर त्या काडीला रंगीत सुतळी बांधतो. पुढच्या छाटणीत तिच्या काड्या काढून वेगळ्या लावतो. मग दोन-तीन वर्षे वाट पाहायची. बदल एकाच थरात असेल तर तो टिकेलच असे नाही. नव्या वेलावरही निम्मे घड पुन्हा जुन्या वळणावर जातात. फ्रान्समधल्या पिनो म्यूनिए या वाणाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच्या फक्त बाहेरच्या थरात बदल आहे. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००२ मध्ये तो थर वेगळा वाढवून पाहिला, तर ठेंगणा वेल निघाला आणि ताणांच्या जागी त्याला घड लागले. बदल होता जिबरेलिनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकात. आपण ज्या संजीवकाचे द्रावण करून घड बुडवतो, त्याच्याच जनुकातला.

माझा एक तर्क आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. वर्षातून दोनदा सगळा वेल नव्या डोळ्यांतून उभा राहतो. जितके डोळे फुटतात तितक्या संधी वाढतात. त्यात महाराष्ट्रात प्रत्येक घड माणसाच्या हाताखालून अनेकदा जातो. एवढे नवे वाण इथेच का सापडले, त्याचे एक कारण हेही असावे.

आता 'क्लोन' या नावाकडे येऊ. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात निवडक, रोगमुक्त मातृवेलींचा संग्रह आहे, त्यातल्या प्रत्येकाला क्रमांक असतो. त्यातलाच थॉमसनचा '२ए' हा क्रमांक महाराष्ट्रात आला आणि निर्यातीच्या बागांत स्थिरावला. कागदावर 'थॉमसन सीडलेस, क्लोन २ए'. एवढे कोण बोलणार? नाशिककरांनी पुढचे-मागचे गाळून 'क्लोन' ठेवले. शास्त्रातही हा शब्द अशाच दोन अंगांनी वापरतात. पैदासकार म्हणतो 'एकच क्लोन', तेव्हा त्याला सारखेपणा दाखवायचा असतो. द्राक्षतज्ज्ञ म्हणतो 'हा क्लोन त्या क्लोनपेक्षा सरस', तेव्हा त्याला भावाभावांतला बारीक फरक सांगायचा असतो. हा फरक इतका बारीक असतो की डीएनएच्या नेहमीच्या ठसे-चाचण्यांना तो बहुतेक वेळा सापडत नाही. व्यापाऱ्याच्या डोळ्याला सापडतो.

सामान्य वाचकाच्या कानावर मात्र हा शब्द वेगळ्याच वाटेने आला. जे. बी. एस. हाल्डेन या जनुकशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये छापल्या गेलेल्या एका व्याख्यानात माणसाच्या क्लोनची कल्पना मांडली. तोवर ते भारतात येऊन राहिले होते, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली, २००९ मध्ये कर्नालच्या संस्थेत गरिमा ही क्लोन केलेली म्हैस. सिनेमे निघाले, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, निसर्गाशी खेळ म्हणून ओरड झाली. त्या सगळ्या वर्षांत निफाडचा माणूस शांतपणे क्लोन लावत होता, तोडत होता आणि युरोपला पाठवत होता.

नव्वदीच्या आसपास क्षारांनी आणि पाणीटंचाईने स्वतःच्या मुळांवरचे थॉमसन थकू लागले, तेव्हा खुंटाची कलमे आली. आजचा बागायतदार आधी डॉगरिजचे रोप लावतो आणि ते जोम धरले की पावसाळ्याअखेर त्यावर हव्या त्या वाणाचे पाचर कलम भरतो. डॉगरिज हा टेक्सासच्या रानातला वेल. तिथल्या टी. व्ही. मन्सन या वनस्पतीतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात असे रानवेल गोळा केले होते, आणि फिलॉक्सेरा किडीने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सच्या बागा अमेरिकी खुंटांवर पुन्हा उभ्या राहण्यात त्याचा हात होता. पिंपळगावच्या बागेतला एखादा वेल जमिनीपासून वीतभर उंचीवर निरखून पाहा. तिथे एक गाठ दिसेल. गाठीखाली टेक्सासचा क्लोन, गाठीवर इराणकडचा. दोघांना ऐन जोडीला बसवले ते नाशिकच्या कलम भरणाऱ्या कारागिराने.

सारखेपणाची किंमतही याच मुलखाने मोजली. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळाने अवेळी पाऊस आणला. गोडी छाटणी होऊन बागा नेमक्या फुलोऱ्याच्या आगेमागे होत्या. डावणी ही बुरशी अशी पसरली की घडच्या घड वाळले. हजारो एकरांवर एकाच जनुकसंचाचा वेल, बहुतेक सारखीच अवस्था आणि एकच दुबळेपण. बुरशीला एक कुलूप उघडले की सगळी घरे मोकळी. सोनाका घ्या, गणेश घ्या, मणी लांब झाला म्हणून डावणीशी लढण्याची ताकद वाढत नाही. ती आणायची तर पुन्हा संकराकडे जावे लागते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची स्थापना १९९७ ची. तिथे दोन्ही वाटांनी काम चालते. 'मांजरी नवीन' हा सेंटेनियल सीडलेसमधून निवडलेला क्लोन आहे, तर 'मांजरी श्यामा' हा ब्लॅक चंपा आणि थॉमसन यांचा संकर.

आणि आता काडीला मालक आला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने 'आरा' मालिकेतले परदेशी वाण परवाना घेऊन आणले. हे वाण पाऊस बऱ्यापैकी सोसतात, मजूर कमी लागतात आणि दर चांगला मिळतो. पण त्यांची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. थॉमसनने तीनपैकी जगलेल्या एका वेलाच्या काड्या गावभर वाटल्या, आर्वे-काळ्यांचे वाण हातोहात राज्यभर पसरले, तो काळ या वाणांना लागू नाही. परवान्याला माझा विरोध नाही. पैदास करणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा. मग तोच न्याय आपल्या बांधावरच्या निवडीला का नको?

कायदा त्यासाठी आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम २००१ चा. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, आणि 'बियाणे' या शब्दात काडी-कलमही येते. मूळ वाणातून उत्परिवर्तनाने निघालेल्या वाणाची दखलही तो घेतो. अडचण नोंदीची आहे. कोणत्या साली, कोणत्या ओळीत, कोणत्या वेलावर ती काडी दिसली, हे लिहून ठेवलेले नसते. पुरावा म्हणून राहतो तो गावात सांगितला जाणारा किस्सा, आणि किश्शावर नोंदणी होत नाही.

सध्या निफाड, चांदवड, दिंडोरीत थॉमसन आणि गणेशच्या जुन्या बागांवर कुऱ्हाड चालते आहे. त्या जागी परवान्याचे रंगीत वाण येताहेत. बाग तोडावी की नाही हा ज्याचा त्याचा हिशेब. पण विरळणीला येणाऱ्या बायकांना या हंगामात एवढे सांगून ठेवा की वेगळा घड दिसला तर हाक मारा. काडीला सुतळी बांधा, मोबाइलवर तारखेसकट फोटो काढा, ओळ आणि वेलाचा क्रमांक वहीत लिहा, आणि बाग उपटण्याआधी त्या काडीची चार-दोन रोपे करून त्यांतली एक मांजरीच्या केंद्राला दाखवा.